अलवियाबाईंचा नियम

अलवियाबाई थकल्या होत्या, आणि आपण थकलोय हे त्या हल्ली येईल त्याला सांगत. खार्तूमला असताना त्यांच्या तोंडून असं काही निघत नसे. तिथे त्यांना स्वतःची खोली होती, खोलीत टाचणी टोचून ठेवलेल्या किड्यांच्या खोक्यांची आख्खी भिंत होती, आणि दर गुरुवारी सकाळी प्रबंधवाले विद्यार्थी बाहेरच्या बाकावर ओळीने बसलेले असत. आत आलेल्याचे कागद बाई लाल पेनाने रंगवून परत देत. तो बाहेर येऊन चहा घेत घेत पुढच्याला सांगे, "आज कमी रक्त सांडलं रे." चौतीस वर्षं हे असं चाललं. मग लढाई सुरू झाली, आणि एक बॅग, एक लॅपटॉप आणि थोरली बहीण बतूल एवढं घेऊन बाई इजिप्तमध्ये गीझाला, फैसल भागाच्या गर्दीत चौथ्या मजल्यावर येऊन पडल्या. किडे मागे राहिले. आता त्यांना दुसरे किडे खात असतील.

विद्यार्थी मात्र मागे राहिले नाहीत. सहा जण उरले होते आणि सहाही सहा गावांना पांगले होते. एक अतबराला, एक कसलाला, रशीदा गदारिफला, मुदस्सिर करीमाला त्याच्या आईच्या घरी. बाईंनी घरमालकाचं बंद पडलेलं शिलाई मशीन खिडकीशी ओढलं, त्याच्यावर लॅपटॉप ठेवला आणि मार्गदर्शन पुन्हा चालू केलं. पाय ठेवायला पायडल होतं. एखाद्याचा संदर्भ चुकला की बाईंचा पाय आपोआप चालायला लागे आणि बतूल आतून ओरडे, "काय शिवतेस गं? की फाडतेस?"

त्रास होता तो नेटचा. इकडे ठीक होतं, तिकडे बोंब. करीमात तर महिनोन् महिने वीज नव्हती. गावात एका वाड्याच्या भिंतीवर नेटची डिश बसवलेली होती, ती सौर पट्टीवर चाले, आणि तिच्या सावलीत माणसं आपापला फोन धरून नंबर लागायची वाट बघत बसत. प्रत्येकाला अर्धा तास. मुदस्सिरचे वार ठरलेले होते, शनिवार आणि बुधवार. कॅमेरा लावला की आवाज तुटे, म्हणून कॅमेरा कुणी लावायचा नाही असं पहिल्याच महिन्यात ठरून गेलं. दीड वर्ष बाई काळ्या चौकोनांशी बोलत होत्या.

अर्धा तास म्हणजे काही कमी नाही. पण आपण सुदानी माणसं. आपल्याकडे कोण कुणाला "हॅलो" म्हणून कामाला लागतं?

"सलाम बाई! कशा आहात? बऱ्या आहात ना?"

"बरी आहे. तू कसा आहेस? आई कशी आहे?"

"अल्लाचे उपकार. बतूलआक्का कशा आहेत? त्यांचा गुडघा?"

"गुडघा आहे तसाच. तुझ्या बहिणी? ती शेंदीची, तिचं बाळ?"

"चालायला लागलं, बाई. तुमचा खोकला गेला का? आणि खालच्या मजल्यावरचे ते आजोबा?"

एवढं झालं की लगेच कामाला लागायचं असंही नाही. दोघंही पुन्हा एकदा "बाकी सगळं बरं ना" म्हणणार, कारण पहिल्यांदा विचारलेलं कुणी खरं धरत नाही. मुदस्सिरची आई, हाज्जा सित्तना, तर कधीमधी मुलाबरोबर चालत डिशपर्यंत यायची आणि फोन हिसकावून घ्यायची. बाईंना कधी न भेटलेली बाई, पण तिला बाईंच्या डाव्या डोळ्याच्या थेंबांची वेळसुद्धा पाठ होती. एकदा तिने पाहुण्याबरोबर बरकावी खजुरांचा डबा फैसलपर्यंत पोचवला होता. ही सगळी माया खरीच. पण माया संपेपर्यंत बावीस मिनिटं गेलेली असायची, आणि प्रकरण तीनमधला एक परिच्छेद उघडतोय तोवर आवाज बंद. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे.

नोव्हेंबरात एकाच आठवड्यात रशीदाची आणि मुदस्सिरची अशा दोन्ही बैठका पाण्यात गेल्या. त्यात विद्यापीठाचं पत्र आलं. विद्यापीठ स्वतःच आता समुद्राकाठच्या गावी दोन खोल्यांत चालत होतं, पण पत्र जुन्या तोऱ्यात होतं. मुदस्सिरची नोंदणी सातव्या वर्षात आहे. सत्तावीस फेब्रुवारीला दुपारी बारापर्यंत मार्गदर्शकाच्या सहीनिशी प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. मुदतवाढ नाही.

मुदस्सिर चौतीस वर्षांचा, शाळामास्तर. खजुराच्या नव्या लावलेल्या रोपांना वाळवी लागते, ती कडुनिंबाच्या पेंडीने किती आटोक्यात येते, हा त्याचा विषय. लढाई चालू असताना या माणसाने नदीकाठी दोनशे चाळीस रोपं लावली होती, रोज त्यांना पाणी घातलं होतं आणि कुठलं मेलं, कुठलं जगलं याची वही ठेवली होती. अशा माणसाची नोंदणी रद्द झाली असती तर बाईंनी स्वतःला माफ केलं नसतं. शिवाय तो त्यांच्या हाताखालचा शेवटच्यांपैकी होता. पुढे नवे विद्यार्थी घ्यायची ताकद त्यांच्यात नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं.

म्हणून त्यांनी गटावर नियम टाकला. "यापुढे बैठकीत: सलाम, पान क्रमांक, प्रश्न. नातेवाइकांची विचारपूस पदवी मिळाल्यावर."

उत्तरं लगेच आली. कसलावाल्याने लिहिलं, "बाई, शेळीची विचारपूस चालेल का? ती नात्यात नाही." रशीदाने लिहिलं, "बाई, परदेशी हवा लागली तुम्हाला." बतूलने चष्मा लावून तो संदेश वाचला आणि फोन ठेवून दिला.

"अगं, इंग्रज झालीस का तू? माणसाला कशी आहेस म्हणून विचारायचं नाही?"

"विचारून विचारून त्याची सात वर्षं गेली, आक्का."

"विचारल्याने नाही गेली. लढाईने गेली."

"मग लढाईला नियम लाव जाऊन," बाई म्हणाल्या आणि पायडल दाबत बसल्या.

पण नियम लागू पडला, हे मान्य करायला हवं. डिसेंबरात मुदस्सिरचं तिसरं प्रकरण संपलं, जानेवारीत चौथं अर्धं झालं. "सलाम बाई. पान एकसष्ट." "बोल." एवढ्यावर काम चाले. हाज्जा सित्तनाचा आवाज फोनवर येईनासा झाला. बाईंना तो कधीकधी आठवे, पण सुटल्यासारखंही वाटे. दिवसाला चार-चार बैठका झाल्यावर माणूस कुणाच्याच आईची चौकशी करायच्या लायकीचा राहत नाही, आणि बाईंना रात्री बहिणीशी बोलायलासुद्धा शब्द उरत नसत.

बारा फेब्रुवारीच्या बुधवारी मुदस्सिरने तक्ता चौदा पाठवला, आणि बाईंचं डोकं फिरलं. कडुनिंबाच्या वाफ्यातले आकडे आणि काहीच न घातलेल्या वाफ्यातले आकडे हुबेहूब एकच. एकाखालचे उचलून दुसऱ्याखाली चिकटवलेले.

"मुदस्सिर, हे काय आहे?"

"पान सत्याऐंशी, बाई."

"पान मला दिसतंय. आकडे बघ. औषध घातलं काय, नाही घातलं काय, दोन्हीकडे तेवढीच मेली? मग सात वर्षं केलंस काय? वाळवीने रोपं सोडून तुझंच डोकं खाल्लं का?"

बाईंना वाटलं, नेट गेलं.

"ऐकतोयस का?"

"ऐकतोय बाई. चुकलं. दुरुस्त करतो."

"झोपेत काम करायचं असेल तर माझा वेळ घेऊ नकोस."

"बरं बाई."

शनिवारी तो आला, पुढच्या बुधवारी आला, परत शनिवारी आला. वेळेवर. आवाज सपाट, जेवढ्यास तेवढा. बाईंना तर वाटलं, ओरडल्याचा उपयोग झाला. बावीस तारखेला त्याने सगळा प्रबंध जोडून एकत्र पाठवला.

बाईंची वाचायची जुनी पद्धत होती. आधी निष्कर्ष, मग तक्ते, मग प्रकरणं, आणि मुखपृष्ठानंतरची आभाराची, अर्पणाची पानं सगळ्यांत शेवटी. तिथे विद्यार्थी काहीही लिहितात, चूक काढता येत नाही. मंगळवारी दुपारपर्यंत वाचून झालं. सगळं ठीक होतं, एक पान सत्याऐंशी सोडून. नव्या तक्त्यात कडुनिंबाच्या वाफ्यात सत्तेचाळीस रोपं मेलेली होती आणि शेवटच्या परिशिष्टात एक्केचाळीस. कुठला आकडा खरा ते फक्त मुदस्सिरची वहीच सांगणार. बुधवारी विचारू, असं टिपून बाईंनी चहा घेतला आणि अर्पणाचं पान उघडलं.

"माझी आई सित्तना हिच्या आत्म्यास. मृत्यू, मंगळवार, अकरा फेब्रुवारी."

बाईंनी ते परत वाचलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. ते पाहायची गरज नव्हती.

"आक्का," त्यांनी हाक मारली, "मुदस्सिरची आई गेली."

"कधी?"

"पंधरा दिवस झाले."

बतूल हात पुसत बाहेर आली. तिने तिथल्या तिथे दोन्ही तळवे वर करून मयतासाठीची फातिहा पुटपुटली, तोंडावरून हात फिरवले आणि मग विचारलं, "आणि तू?"

पंधरा दिवसांत बाई आणि मुदस्सिर चार वेळा बोलले होते. आपल्याकडे मयताच्या घरी सांत्वनाला न येणारा माणूस कुणी विसरत नाही. सख्खी भावंडं त्यावरून वीस-वीस वर्षं बोलत नाहीत. बतूलने स्वतः एका भाचीला बारा वर्षं दारात उभं केलं नव्हतं. आणि अलवियाबाईंनी काय केलं होतं, तर आईला माती देऊन एक दिवस झालेल्या पोराला विचारलं होतं की वाळवीने तुझं डोकं खाल्लं का. त्यांना लाज वाटली. इतकी की त्या मशीनपाशी बसू शकेनात आणि उठूही शकेनात.

"मेसेज टाक त्याला," बतूल म्हणाली.

"मेसेजवर फातिहा टाकू?"

बतूलने मान हलवली. ते नाहीच चालत.

बुधवारी बाईंनी पांढरा तोब अंगावर घेतला, डोक्यावरून नीट ओढला, जणू खरंच कुणाच्या दारात जायचंय. बरोबर वेळेवर काळा चौकोन उघडला.

"सलाम बाई. पान सत्याऐंशी."

बाईंनी दोन्ही तळवे वर केले. कॅमेरा बंद होता, त्याला काही दिसणार नव्हतं. तरी केले.

"मुदस्सिर. अल-फातिहा."

मग तो म्हणाला, "बाई, वेळ कमी..."

"वाच."

दोघांनी वाचली. त्याच्या मागून आणखी दोन-चार पुरुषांचे आवाज आले. डिशच्या सावलीत बसलेल्यांनीही हात वर केले असावेत. मग बाईंनी विचारलं, जे मयताच्या घरी विचारायचं असतं ते सगळं. काय झालं होतं, किती दिवस, जवळ कोण होतं.

"डेंग्यू, बाई. चार दिवस."

"डॉक्टर?"

"होता. औषध नव्हतं."

आधी तो एकेक शब्द बोलत होता. मग हळूहळू बोलायला लागला. सोमवारपर्यंत ती शुद्धीवर होती. मधला एक दिवस बहीण शेंदीहून निघाली, पण रस्ता बंद होता.

"सोमवारी तिने मला विचारलं, उद्या बाईंचा वार आहे का? मी म्हटलं, परवा. म्हणाली, मग परवा जा. माझ्याजवळ बसून काय करणार आहेस, मी काय वाळवी आहे?" तो जरासा हसला, मग थांबला. "मंगळवारी गेली. बुधवारी मी चटईवरून उठलो तर मामा सगळ्यांदेखत ओरडला. आईची माती ओली आहे आणि तू चाललास किडे सांगायला? मी म्हटलं, तिनेच सांगितलंय."

"आणि मी तुला..."

"हो बाई. पण आकडे चुकलेच होते. रात्री भरले होते, लोक बसले होते तेव्हा."

"सांगितलं का नाहीस रे?"

"नियम होता ना बाई."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना सोसलं असतं. त्या तोबाच्या पदराने डोळे पुसायला लागल्या.

"बाई, अकरा मिनिटं आहेत," मुदस्सिर म्हणाला. "ते सत्तेचाळीस की एक्केचाळीस? पाठवल्यावर मलाही दिसलं. वही आणलीय मी."

बाईंनी कोपऱ्यातलं घड्याळ पाहिलं. उद्या दुपारी बारा. आज नाही तर हा आकडा कधीच तपासता येणार नव्हता, आणि न तपासलेल्या आकड्यावर त्यांनी आजवर सही केलेली नव्हती. हे सगळं त्यांना त्या क्षणी नीट कळत होतं.

"तिला अंघोळ कुणी घातली?" त्यांनी विचारलं.

मग त्याने सांगितलं. शेजारची फलाणी, आत्या, कफन कुठून आणलं, कबर कुठल्या झाडाजवळ. आईने नदीकाठी त्याच्या दोनशे चाळीस रोपांतल्या दोन ओळी कशा स्वतः पाणी घालून जगवल्या. तो बोलत असतानाच आवाज तुटला आणि चौकोन नाहीसा झाला.

गुरुवारी सकाळी बाईंनी सहीचा कागद पुढ्यात घेतला. बतूल दाराशी उभी होती.

"एका आकड्याने काय होतंय गं?"

"सहा झाडं मेली की जगली, एवढं होतं."

"मग?"

बाईंनी सही केली, फोनने फोटो काढला आणि साडेअकराला पाठवून दिला. पान सत्याऐंशीवरची चूक डोळ्यांनी दिसत असताना. मग दिवसभर झोपल्या.

मौखिक परीक्षा ईदनंतर झाली, अर्थात पडद्यावरच. बाहेरचे परीक्षक होते डॉ. सिर्र अल-खातिम. हा माणूस तक्ते वाचत नाही, सोलतो, अशी त्यांची ख्याती. दुसरे विभागप्रमुख, ते समुद्राकाठच्या त्या दोन खोल्यांतून बोलत होते. मुदस्सिरचा चौकोन नेहमीसारखा काळा. डिशपाशी बाकीच्यांनी आज आपापले नंबर त्याला देऊन टाकले होते. पाऊण तास बरा गेला. मग सिर्र अल-खातिमांनी चष्मा वर केला.

"पान सत्याऐंशी. इथे सत्तेचाळीस आणि परिशिष्टात एक्केचाळीस. कुठलं खरं?"

"एक्केचाळीस, सर," मुदस्सिर म्हणाला. "तक्त्यात चुकलं. माझी चूक."

"शाबास. आणि मार्गदर्शकांनी सही कशी केली? पाहिलं नव्हतं?"

अलवियाबाईंनी आपला आवाज चालू केला.

"पाहिलं होतं. सुधारायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मी ह्याच्या आईची फातिहा वाचली. ती पंधरा दिवस आधी वाचायला हवी होती. मीच विचारपूस बंद केली होती, म्हणून त्याने सांगितलं नाही, आणि आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी ह्याच तक्त्यावरून मी त्याला झापलं. तेव्हा आकड्याचं त्याला नका विचारू, मला विचारा."

सिर्र अल-खातिमांनी पेन खाली ठेवलं.

"ह्याची आई गेली? आणि हे मला आत्ता सांगताय? पाऊण तास मी त्याला सोलतोय!"

ते खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी दोन्ही तळवे वर केले. विभागप्रमुखांनी केले. बाईंनी पुन्हा एकदा केले. तेवढ्यात काळा चौकोन उजळला. सांत्वन तोंड लपवून घ्यायचं नसतं. आवाज तुटला तर तुटला, मुदस्सिरने कॅमेरा लावला होता. बाईंना क्षणभर कळेना हा कोण. दाढी निम्मी पांढरी, गाल आत गेलेले, मागे मातीची भिंत आणि त्या भिंतीशी हात वर करून उभी असलेली अनोळखी माणसं. लढाईआधी बाकावर बसणारा तो मुलगा त्यात कुठे सापडेना. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि फातिहेचे शब्द त्यांच्या तोंडातून उशिरा निघाले.

मग सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. सिर्र अल-खातिमांनी चष्मा परत नाकावर घेतला.

"अल्ला तिच्यावर दया करो. आक्का बऱ्या आहेत ना, अलवियाबाई?"

"बऱ्या आहेत."

"बरं. पान अठ्ठ्याऐंशी," ते म्हणाले.